बटणावरचा अंगठा

गेली दोन वर्षं सरावात तो पळायला लागला की मी स्टॉपवॉचचं बटण मुद्दाम जरा उशिरा दाबायचो. छत्तिशीतही त्याला आपली जुनीच वेळ दिसायची, आणि स्पर्धेत मागे पडला की तो खुशाल वाऱ्याला नाहीतर बुटांना दोष द्यायचा. चौदाव्या वर्षापासून माझ्या हाताखाली वाढलेला चॅम्पियन. "आता थांब" म्हणायला माझी जीभच रेटेना.

काल त्याचा सुजलेला गुडघा बघून बायको माझ्यावरच उखडली. "अहो, तुमच्या या लाडापायी पोरगा पांगळा होईल. खरी वेळ दाखवा, त्याचं त्याला कळेल काय ते."

आज काळजावर दगड ठेवून बटण अगदी वेळेवर दाबलं. धापा टाकत तो आला आणि त्यानं वाढलेला आकडा बघितला. मग हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला.



"सर, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा अंगठा आता वेळेवर पडत नाही. उद्यापासून दुसरे कोच येतील. कुठं थांबायचं, ते माणसाला कळलं पाहिजे."