पाहुण्यांसाठी छत्री

विमा कंपनीच्या माणसानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि ट्रेसीला गोड बोलून बाहेर काढलं. तिच्या आईशी त्याला एकटीशीच बोलायचं होतं. ट्रेसी शेजारच्या खोलीत जाऊन बसली, पण दार तिनं पुरतं लोटलं नाही.

तिची आई मार्लीन चाकांच्या खुर्चीत ताठ बसून होती. घरामागच्या लाकडी ओट्याची, डेकची, कुजकी पायरी तिच्या पायाखाली मोडली तेव्हापासून ही खुर्ची मागे लागली होती. खुब्याचं हाड दोनदा जोडून झालं, तरी पाय काही टेकवत नव्हता. ती पायरी बदलायला हवी, असं तिचा जावई ग्रेग गेल्या उन्हाळ्यापासून म्हणत होता. नुसतं म्हणण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या ओहायोत कुणी नसेल.

दवाखाना, नर्स आणि पुढची सगळी वर्षं, एवढा खर्च घराच्या साध्या विम्याला झेपणारा नव्हता. पण ट्रेसी आणि ग्रेगनं त्यावरचा आणखी एक विमा घेऊन ठेवला होता. घराचा नि गाडीचा विमा जिथं संपतो तिथं हा उघडतो, म्हणून त्याला छत्री म्हणतात. आपल्या हलगर्जीपणानं दुसऱ्या कुणाचे हातपाय मोडले, तर त्याची भरपाई ही छत्री करते. मात्र त्या दुसऱ्यानं खरोखर दुसरं असायला हवं. घरातच राहणारा नातेवाईक असेल तर त्याला ना साध्या विम्यातून काही मिळत, ना छत्रीतून.

आणि मार्लीन तर इथंच राहत होती. म्हणून ट्रेसी आठवडाभर आईला पढवत होती. "आई, तू इथं पाहुणी होतीस, एवढंच धरून ठेव. नाहीतर तुला सरकारी शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. तिथली माणसं तू पाहिली आहेस."

मार्लीननं पाहिली होती. तरी खोटं बोलायची तिला भीती वाटत होती. तीस वर्षं तिनं चर्चमध्ये रविवारी मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं, आणि आता समोरच्या यंत्रात तिच्याच तोंडून खोटं भरलं जाणार होतं.

पेल्की नावाचा तो माणूस बोलायला सालस होता. इथं कायमचं राहायचं ठरलं होतं का, असं त्यानं पहिल्यांदा विचारलं. नवरा गेल्यावर टोलीडोचं घर विकलं, तेव्हा ट्रेसी फोनवर काय म्हणाली होती ते मार्लीनला आठवलं. सध्या इकडे ये, पुढचं पुढं बघू. तिनं तेच सांगितलं.

टपाल कुठं येतं? टोलीडोला, नणंदेच्या पत्त्यावर. बदलून घेतलं नाहीत? ट्रेसी म्हणाली होती, घाई काय आहे. घराची किल्ली? किल्ली नव्हती. कुणी ना कुणी घरी असतंच, तेव्हा गरज पडली नव्हती. कपडे कुठं ठेवता? बॅगेत. खोलीतलं कपाट ग्रेगच्या शिकारीच्या कपड्यांनी आणि नाताळच्या सजावटीनं भरलेलं होतं. त्या खोलीला घरात काय म्हणतात?

"पाहुण्यांची खोली," मार्लीन म्हणाली.

खोटं बोलायची भीती केव्हाच विरली होती. तिच्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं. आठवडाभर घोकलेलं खोटं तसंच पडून राहिलं होतं, आणि खऱ्यावरच सगळं भागत होतं.

पेल्की उठून फ्रिजपाशी गेला. तिथं गेल्या नाताळचं कार्ड चिकटवलेलं होतं. दरवर्षी कुटुंबाचा फोटो छापून ओळखीच्या सगळ्यांना पाठवायचा, यात ट्रेसीनं कधी खंड पडू दिला नव्हता. फोटोत ग्रेग होता, ट्रेसी होती, दोन्ही मुलं होती. एकसारखे लाल स्वेटर घातलेले. पुढ्यात कुत्रा, त्यालाही स्वेटर.

"तेव्हा तुम्ही इथंच होतात ना?"

"होते."

"मग यात दिसत नाही तुम्ही."

"फोटो मीच काढला," मार्लीन म्हणाली. "चांगला आलाय. कुत्रा एका जागी बसतच नव्हता."

पेल्कीनं रेकॉर्डर बंद करून खिशात टाकला, कोट चढवला आणि दारापर्यंत जाऊन परत आला. म्हातारीची त्याला कीव आली असावी.

"मॅडम, एक सांगून ठेवतो," तो आवाज उतरवून म्हणाला. "तुमचं घर विकलेलं आहे, जायला दुसरीकडे जागा नाही. आमचे वकील हा मुद्दा सोडायचे नाहीत. तुम्ही याच घरातल्या आहात, हे सिद्ध करायचा ते जिवापाड प्रयत्न करतील."

मार्लीननं शेजारच्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"करू देत," ती म्हणाली. "मीही वर्षभर तेच करून पाहिलं."