उलटी काच

मंजुळा आत आली ती नाकातोंडावर पदर धरूनच. प्लेगच्या दिवसांत परळहून गिरगावात येणारा जो तो असाच यायचा, आणि कालिंदीच्या फोटोच्या कारखान्यात औषधांचा उग्र वास तर बारा महिने. कालिंदीने बसायला पाट दिला. ती बसली नाही.

"माझ्या घोवाक पोलिसांनी नेलो," ती म्हणाली. "तुमच्या फोटोवरसून."

कालिंदीने मान खाली घातली. वडिलांच्या मागे कारखाना चालवणारी ही बाई मोठ्या घरच्या लेकीसुनांचे फोटो काढता काढता दंग्याधोप्यांत कशी शिरली, हे गिरगावात कुणाला उमगलं नव्हतं. एका इंग्रजी वर्तमानपत्राला तसले फोटो हवे होते, आणि तिला घरात बसवत नव्हतं. जिथे दगड चालायचे तिथे ती हातातला कॅमेरा घेऊन उभी राही. एकदा कपाळ फुटलं, एकदा गर्दीने कॅमेराच गटारात फेकला. फोटोखाली आपलं नाव छापलेलं दिसलं की ती सगळं विसरायची.

या शिमग्यात परळला भोईवाड्याच्या एका चाळीत रोग्यांना इस्पितळात न्यायला डोली आली आणि दगडफेक सुरू झाली. त्यात धर्मा नावाच्या डोलीवाल्याचा डोळा गेला. कालिंदीचा फोटो नेमका त्या घटकेचा होता. मुंडासं तोंडावर ओढलेला, उघडाबंब माणूस. डाव्या हातात उगारलेला दगड. चाळीत डावखुरा एकच, गिरणीतला लहू, मंजुळाचा नवरा. पोलिसांचं काम सोपं झालं.

"माझो घोव डावरो आसा, बाईनू. जल्मापासून. ह्यो काय गुन्हो?"

कालिंदीने फोटो तिच्यापुढे धरला. दगड मारणाऱ्याच्या मागे, दारात, एक बाई उभी होती. डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर पदर ओढलेला, नाकात सणाची नथ, चेहरा अस्पष्ट.

"ही कोण? हिने त्याला पाहिलं असणार. साक्षीला येईल का?"

मंजुळाने फोटो बराच वेळ पाहिला आणि पालथा ठेवला.

"पदराखाली सगळ्या बायका सारक्याच, बाईनू."

ती गेली तरी कालिंदीचा पाय तिथून हलेना. आपल्या नावाच्या हौसेपायी एका गरिबाच्या हातात बेड्या पडल्या, या विचाराने तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने भिंग घेतलं. फोटो तिने शंभरदा पाहिला असेल, पण त्या बाईकडे आजवर कुणी पाहिलं होतं? नथ उजव्या नाकपुडीत होती.

तिच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. दगडांच्या वर्षावात, उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून, तिने कॅमेऱ्यात चाचपडत फोटोची काच बसवली होती. काच उलटी बसली असणार! उलट्या काचेवर चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं आणि जरा धूसरही येतं. हा फोटोही धूसरच होता. शिकाऊ पोराने केली असती तर वडिलांनी कान उपटला असता, अशी ही चूक. म्हणजे दगड उजव्या हातात होता.

कोर्टात ती हातआरसा घेऊन गेली. बाहेर व्हरांड्यात मंजुळा बसली होती. आत पिंजऱ्यात लहू खाली बघत उभा होता. त्याच्यासमोर बाकावर धर्मा, एका डोळ्यावर पट्टी.

"डाव्याच हातानं मारला, सायेब," धर्मा म्हणाला. "मी सोता पायला."

"कोणत्या डोळ्याने?" लहूच्या वकिलाने विचारलं. कोर्ट हसलं. कालिंदीलाही हसू आलं.

मग तिने फोटो आरशासमोर धरून न्यायाधीशाला दाखवला. दगड उजव्या हातात गेला, नथ डाव्या नाकपुडीत आली.

"तुमच्या बायका नथ डावीकडेच घालतात?" साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं.

"आमच्यात उजवीकडे नथ घातलेली बाई मी जन्मात पाहिली नाही," कालिंदी म्हणाली. "चूक माझी आहे. काच मी उलटी बसवली. मला तिची लाज वाटते."

साहेबाने लहूला विचारलं, तुला काही सांगायचंय?

"बाईंनी सांगितला तेवढाच," लहू म्हणाला.

तो सुटला. वर्तमानपत्राने कालिंदीला निरोप धाडला, ज्या बाईला काचेची सुलट बाजू कळत नाही तिचे फोटो आम्हाला नकोत. गिरगावातल्या बायकांना आयतंच खाद्य मिळालं. कालिंदीने सगळं ऐकून घेतलं. नाव गेलं, पण माणूस वाचला, हे तिला पुरेसं होतं. पहिल्यांदाच तिला आरशात स्वतःकडे बघवलं.

खोटी साक्ष दिली म्हणून धर्माला कामावरून काढल्याचं तिच्या कानावर आलं. तो आता भोईवाड्याच्या देवळापाशी बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला "डाव्याच हातानं मारला" सांगतो, आणि लोक त्याला हसतात. करावं तसं भरावं, कालिंदीने मनाशी म्हटलं.

साथ ओसरल्यावर मंजुळा पुन्हा आली. पदर तसाच नाकातोंडावर. हातात खाज्याचा पुडा होता.

"ह्या तुमका, बाईनू. माझो संसार तुम्ही राखलात."

"मी काही केलं नाही गं. माझीच चूक मी निस्तरली."

"देव माझा आयकता. मी नवसाची. माझ्या आधीची पोरा जगली नाय, म्हणान आवशीन देवाक सांगून माझा नाक टोचल्यान. शिमग्यापासून नथ काडून ठेवलेली. आज घातलंय."

"मग दाखव की," कालिंदी हसून म्हणाली. "पदर काय धरून बसलीस?"

मंजुळाने लाजत पदर खाली केला. नथ तिच्या उजव्या नाकपुडीत होती.