पलीकडचं गिऱ्हाईक

वेळ संपत आली होती आणि बाईंच्या हातात अजून दहा शेअर उरले होते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला हा दर बुधवारचा शेअर बाजार खोटा, सगळा संगणकाच्या पडद्यावरचा. त्यात काही व्यापारी नफ्यासाठी उतरायचे, काही नुसत्या गरजेपोटी. बाई गरजवाल्यांतल्या. सत्र संपायच्या आत सगळा माल विकायचाच, हे त्यांचं काम. गरजवाल्याने घाई दाखवली की मेला, हे त्या पहिल्याच बुधवारी शिकल्या. सगळे शेअर एकदम काढले की बाजाराला वाटतं, हिला आतली खबर लागली. मग भाव धाडकन खाली. म्हणून चिमूट चिमूट विकायचं, मध्येच गप्प बसायचं, समोरच्याला आधी बोलू द्यायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला हे काय शिकवायला हवं होतं?

कोण कोणाशी व्यवहार करतं ते कळू नये म्हणून प्रत्येकाला वेगळी बंद खोली. जिन्यात गाठ पडू नये म्हणून यायची वेळही वेगळी. भाच्याने हौसेने बाईंचं नाव इथे नोंदवलं आणि तो परदेशी निघून गेला. घरचा फोन वाजला तर राँग नंबरच असायचा. इथे मात्र त्यांनी भाव टाकला की पलीकडून कोणीतरी उत्तर द्यायचं. बुधवारची वाट बघत त्या आठवडा काढायच्या.

पण चांगल्या भावाने विकणाऱ्यालाच पुन्हा बोलवत, आणि आज बाई काठावर होत्या. हे दहा चढ्या भावाने गेले तरच निभाव लागणार होता.

तेवढ्यात पलीकडच्या एका गिऱ्हाइकाने दहा शेअर मागितले. बाकीच्या विक्रेत्यांनी लगेच आपला माल मागे घेतला. अडलेला सापडला की कोण सोडतो? गिऱ्हाइकाने भाव थोडा वाढवला. कोणी हललं नाही. आता बाई जरा थांबल्या असत्या, तर ते झक मारत आणखी वर चढलं असतं.

बाईंना ते बघवेना. गिऱ्हाइकाने मागितल्या भावाने त्यांनी दहाही शेअर देऊन टाकले.

सत्र संपलं. दार उघडून हा प्रयोग चालवणारे प्राध्यापक स्वतःच आत आले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"बाई, थांबला असता तर दुप्पट भाव मिळाला असता. का दिलेत?"

"अहो, अडला होता बिचारा."

"कोणी अडलं नव्हतं. तो प्रोग्राम होता! अडलेल्याला लोक पिळतात की सोडतात, तेच आम्हाला बघायचं होतं. आजवर इतकी माणसं बसवली, सोडणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"आणि बाकीचे व्यापारी?"

"सगळेच प्रोग्राम. अगदी पहिल्या बुधवारपासून. या बाजारात माणूस तुम्ही एकट्याच होता."

बाई काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी येऊ ना?"

प्राध्यापक ओशाळले. "आता तुम्हाला गुपित कळलंय, बाई. ते बाहेर चार जणांत पसरलं की आमचा प्रयोगच बसला. म्हणून एकदा सांगितलं की त्या माणसाला आम्ही परत बोलवत नाही."

"अहो सर," बाई त्यांची समजूत घालत म्हणाल्या, "मी सांगणार कुणाला?"