चमचाभर विरजण

चंद्रावरच्या वसाहतीतलं स्वयंपाकयंत्र कृतीचा शेवट होणार याची खात्री पटल्याशिवाय कामाला हातच लावत नसे. केतकीने कुठल्याही दुधाला चालेल अशी दह्याची कृती सांगितली, तर ते अडूनच बसलं.

"दह्याला विरजण लागतं. विरजण म्हणजे पुन्हा दहीच. ही कृती स्वतःलाच हाक मारत राहते. शून्यातून निघालो तर शून्यच हाती येईल."

केतकी वैतागली. पृथ्वीवरून आल्यापासून तिचे सासरे, अण्णा, धड जेवले नव्हते आणि आज त्यांनी आपणहून दहीभात मागितला होता.

"शून्यातून कोण निघतंय? मला शेजार आहे!" म्हणत ती वाटी घेऊन नलूमावशींकडे गेली. त्यांनी दिलेलं चमचाभर दही तपासून यंत्र मुकाट्याने कामाला लागलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दह्याचं भांडं अगदी बोटाने पुसून संपवलं. तेवढ्यात दारात नलूमावशी आल्या.

"केतकी, पाहुण्यांनी आमचं सगळं दही फस्त केलं गं. विरजणापुरतं देतेस?"

केतकीने ओशाळून रिकाम्या भांड्याकडे पाहिलं.

"अण्णांना वाढायच्या आधीच चमचाभर काढून ठेवलंय," यंत्र म्हणालं. "नाहीतर उद्या पुन्हा मला शून्यातून दही लावायला सांगाल."