बांगड्या दोनदा वाजतात

पीरमहंमदची बायको आमिना गेल्याचं पेठेत कळलं, त्या दिवशी गेणभाऊ मिस्त्री गॅरेज बंद करून मातीला आला होता. चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी पीरमहंमद गाडी घेऊन त्याच्या दारात उभा राहिला.

गाडी वीस वर्षांची. लांब डिकीची, चारही चाकांनी ओढणारी. आजूबाजूला अशी दुसरी नव्हती. ओतूर, घोडेगाव, मंचर, जिथं बाजार असेल तिथं ती बांगड्यांच्या पेट्या घेऊन जायची. आजही मागं चार पेट्या होत्या. आमिनानं भरलेल्या. त्यानं त्या अजून उतरवल्या नव्हत्या.

“काय होतंय?” गेणभाऊनं विचारलं.

“वळताना बांगड्या दोनदा वाजतात.”

गेणभाऊ हातातला पाना धरून तसाच थांबला. “दोनदा म्हंजी?”

“एकदा गाडी वळती तवा. आन् मग मागून कुनीतरी धरल्यालं सोडल्यावानी, परत एकदा.”

हे शब्द आमिनाचे होते. एकही त्याचा नव्हता.

गेणभाऊ स्वतः गाडीत बसला. स्टेअरिंग पूर्ण फिरवून त्यानं अंगणात सावकाश दोन फेऱ्या मारल्या. मग उतरला, सुतळी आणली आणि आधी पुढच्या चाकाला गुंडाळून मापली, मग मागच्या. दोन बोटांचा फरक निघाला.

“पुढचे टायर कवा बदलले?”

“वर्ष झालं. पुढचे झिजले व्हते, पुढचे बदलले.”

“आन् मागं तेच जुने. पीरभाई, साध्या गाडीला चालून जातं हे. हिची चारी चाकं आतून एकमेकाला बांधल्याली. पुढचं मोठं, मागचं बारीक, मंग ती आतल्या आत एकमेकाला वढत बसत्यात. वळताना अडकतंय आन् सुटतंय. अजून दोन म्हैने अशीच हाकली असती ना, तर सगळं आतलं सामान गेलं असतं.”

पिंपरी पेंढारचा हौशीराम आपली पिकअप दाखवायला आला होता. तो एका जुन्या टायरवर बसून सगळं ऐकत होता. “काय कान हाय राव तुमचा!” तो म्हणाला. “आमाला इंजिन फुटल्याबिगर काय कळत न्हाई.”

“खरंच,” गेणभाऊ म्हणाला. “निम्म्या मिस्त्र्यांना गवसायचं न्हाई हे. तुमच्याच ध्यानात आलं?”

पीरमहंमदला विचार करायला वेळ होता. कुणी घाई केली नव्हती.

“हां,” तो म्हणाला. “माझ्याच.”

गेल्या वर्षी याच अंगणात आमिनानं हे सांगितलं होतं. तडकलेली बांगडी ती न बघता, नुसत्या आवाजावरून बाजूला काढायची. त्या दिवशी गेणभाऊ पुण्याला गेला होता. दोन-चार गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. “हिला आता गाडीला बी बांगड्या भरायच्यात,” पीरमहंमद त्यांना म्हणाला होता. सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर आमिना गाडीचं काही बोलली नाही. पुढं तिच्या छातीत दुखायला लागलं, तेही तिनं तीन दिवस सांगितलं नाही.

“मिस्त्री ऱ्हाऊ द्या, आमच्या पिकअपचं तुमीच ऐका,” म्हणत हौशीरामनं पीरमहंमदला हाताला धरून पिकअपपाशी नेलं. इंजिन चालू केलं. बॉनेट उघडलं. पीरमहंमद वाकला. कान पुढं केला. त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला, बाकी काही नाही. तरी तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, कारण मान वर केली की काहीतरी सांगावं लागणार होतं.

“काय म्हनतीया?”

“बरी हाय.”

“बगा! मी कवाधरनं तेच म्हनतोय!”

“बरी हाय तर न्या की मंग घरी,” गाडीखालून गेणभाऊ ओरडला. “हितं कशाला जागा अडवली?”

हौशीराम मोठ्यानं हसला. पीरमहंमदलाही थोडं हसावं लागलं.

दुपारपर्यंत काम झालं. गेणभाऊनं मागं पुढच्यासारखेच दोन नवे टायर बसवून घेतले, तेल बदललं. मग डिकी उघडून पेट्या नीट सरकवल्या. वरच्या पेटीवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली.

“भाभींच्या पेट्यांना आता धक्का न्हाई बसायचा,” तो म्हणाला. “लई जपून ठेवायच्या त्या. न्हाई का?”

पीरमहंमदनं तोंड उघडलं. गेणभाऊ थांबून राहिला. त्याला वाटलं, माणूस रडतोय की काय, म्हणून त्यानं नजर खाली घातली.

“चावी द्या,” पीरमहंमद म्हणाला.

घराच्या बोळाशी त्यानं गाडी वळवली. मागं बांगड्या वाजल्या. तो वाट बघत राहिला. काही वाजलं नाही. त्यानं गाडी मागं घेतली, पुन्हा वळवली. बांगड्या एकदाच वाजल्या.

याला आता महिना झाला. बाजाराला जाताना गाडी रोज गॅरेजवरून जाते. हौशीराम कधी दिसला तर लांबून कानाला हात लावून हसतो. तो आवाज आमिनानं ओळखला होता, हे गेणभाऊला सांगायचं अजून राहिलं आहे.