पहिलीचा पेनड्राइव्ह

आगरदांड्याहून दिघीला जाताना प्रणालीबाईंचा पेनड्राइव्ह कुठेतरी पडला आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पहिलीच्या मुलांसाठी दोन वर्षं खपून, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेले अक्षरांचे सगळे धडे त्यात होते, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. चार दिवस त्यांनी फेरीबोटीची बाकं वाकून वाकून पाहिली, खलाशांना भंडावून सोडलं. पाचव्या दिवशी धक्क्यावर ताडगोळे विकणाऱ्या म्हाताऱ्या आवडाबाईलाही विचारलं.

"लाल रंगाचा ना? हाय माझ्याकडं," आवडाबाई हळूच म्हणाली. "इथंच गावला. सुनेनं टीव्हीला लावला, तर त्यात तुमीच बोलताव."

प्रणालीबाईंच्या जिवात जीव आला, आणि मागोमाग रागही आला.

"अहो मावशी, मी रोज तुमच्यासमोरून वेड्यासारखी धावतेय. चार दिवस गप्प का राहिलात?"

आवडाबाईने मान खाली घातली.



"चुकलं माझं, बाई. माझ्या नावातला 'ड' तेवढा शिकायचा ऱ्हायलाय."