नीलव्वाचं खातं

"हे कापलेत का उरलेत?" शरणबसप्पानं पासबुकावरच्या शेवटच्या आकड्याखाली बोट ठेवून विचारलं.

"उरलेत, मालक," काउंटरमागचे अंबादासराव हळू आवाजात म्हणाले. "तीन रुपये."

शरणबसप्पाचं लोहाऱ्याला गूळ-हळदीचं दुकान होतं. बायकोला, शांताक्काला घेऊन तो सकाळच्या एसटीनं उमरग्याच्या बँकेत आला होता. खातं त्यांच्या मुलीच्या, नीलव्वाच्या नावाचं. म्हशीच्या दुधाचा रतीब घालून शांताक्कानं त्यात शंभराच्या आसपास रुपये साठवले होते. नीलव्वा अकराव्या वर्षी तापानं गेली, आणि दोघांनी त्या पैशाचा विषयच सोडला. आता तिच्या शाळेत त्यातून पाण्याचा हौद बांधायचं ठरलं होतं. तहान लागली की पोरी अजून ओढ्यावर जात. खड्डा खणून झाला होता, गवंडीही सांगून ठेवला होता.

"पण म्या तर एक पैसा काढला न्हाय."

"म्हणूनच कापले. खात्यावर देवघेव न्हाय, तर दरसाल आकार बसतो. मग त्याची नोटीस निघते, तिचा खर्च वेगळा. नोटिसा तिच्या नावानं गेल्या होत्या."

"तिच्या नावानं?" शांताक्का म्हणाली. "पोस्टमन आमच्या गल्लीतलाच हाय. तो कसा आणून देईल?"

शरणबसप्पा काउंटरवर वाकला. "अंबादासराव, पोरगी गेली त्याच महिन्यात म्या हितं हुभा राहून तुम्हाला सांगितलं. तुम्हीच म्हणाला, पैसा कुठं जात न्हाय, मन होईल तवा या."

अंबादासरावांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. मग उठून त्यांनी दोघांना मॅनेजरच्या खोलीत नेलं आणि हीच गोष्ट साहेबांनाही सांगितली.

मॅनेजर पुण्याकडून नव्यानं आलेला होता. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं. "तोंडी सांगितलेलं बँक धरत नाही," तो म्हणाला. "पण हे बरोबर झालं नाही. कापलेले पैसे परत मागता येतात. वरच्या कचेरीला अर्ज करा, मी शिफारस लिहितो."

शांताक्कानं पदरानं तोंड पुसलं. तिला एकदम हलकं वाटलं.

"द्या साहेब, सही करतो," शरणबसप्पा म्हणाला.

मॅनेजरनं खात्याचा कागद मागवून घेतला आणि तो वाचता वाचता थांबला.

"तुमची सही चालणार नाही. पालक म्हणून तुम्ही फक्त मुलगी सज्ञान होईपर्यंत. गेल्या श्रावणात तिला अठरा पुरी झाली. आता अर्जावर तिचीच सही लागेल."

 शांताक्कानं नवऱ्याकडं पाहिलं.

"अठरा झाली?" तिनं विचारलं.

शरणबसप्पानं मान खाली घातली.

"मग मृत्यूचा दाखला आणा," मॅनेजर घाईघाईनं म्हणाला. "वारस म्हणून तुमचा अर्ज घेता येईल."

"दाखला लागंल म्हणून म्या आधीच हिंडलोय, साहेब. पोरगी वारली ती आजोळी, आळंदकडं. तवा तिकडचं हिकडचं राज्य एकच होतं. आता ते म्हैसुरात, आमी महाराष्ट्रात. तिथला पाटील म्हणतो, दफ्तर गुलबर्ग्याला नेलं. गुलबर्ग्याचे म्हणतात, तुमच्या धाराशिवला विचारा. धाराशिवात म्हणतात, पोरगी आमच्या मुलखात मेलीच न्हाय."

"आणि पंचांनी लिहून दिलं तर?" शांताक्कानं विचारलं. "सगळं गाव सही करंल."

मॅनेजरनं नकारार्थी मान हलवली. नियमांचं पुस्तक त्याच्या हाताशीच होतं, पण त्यानं ते उघडलं नाही. "माझ्या हातात असतं तर आत्ता दिले असते, बाई."

"मग ते तीन रुपये?"

"मार्चअखेर आकारात जातील. मग खातं बंद होईल."

दोघं खोलीबाहेर आली. शरणबसप्पा सरळ दाराकडं निघाला. परतीच्या एसटीला अजून वेळ होता, पण त्याला तिथं थांबवेना. शांताक्का मात्र काउंटरपाशी उभी राहिली.

"खातं बंद होतं म्हंजी काय होतं?"

"वहीतलं नाव खोडतात, अक्का," अंबादासराव म्हणाले.

"तांबड्या शाईनं?"

त्यांनी तांबडी दौत बाजूला सरकवली.

"पैसे भरायला तिची सही लागती का?"

"भरायला न्हाय लागत. कुणीबी भरावं. एक रुपया भरला तरी देवघेव धरतात, मग सालभर आकार बसत न्हाय."

शांताक्कानं पदराची गाठ सोडली. आत गवंड्याला विसार द्यायला आणलेले दोन रुपये होते. तिनं ते काउंटरवर ठेवले.

शरणबसप्पा दारातून परत आला. "अगं, गवंडी उद्या दारात हुभा राहील. काय सांगायचं त्याला?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण पैसे उचलले नाहीत. तोही मग काउंटरच्या कडेला हात टेकून उभा राहिला.

अंबादासरावांनी चलन पुढं ओढलं. वर नीलव्वाचं नाव घातलं, रक्कम घातली आणि टाक उचलला.

"भरणाऱ्याचं काय लिहू?"

"आई लिवा," शांताक्का म्हणाली.